छोट्या इंजिनाचा आवाज खरा हवा

मॉडेल रेल्वेच्या इंजिनांना आवाज मिळाला ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. मात्र बहुतेक हौशी लोक तो मिळताच पूर्ण क्षमतेने सोडतात, आणि तिथेच मजा जाते. आवाजाने इंजिन किती मोठे आहे हे सांगायचे नसून ते या क्षणी काय काम करते आहे, हे सांगायचे असते.

१९९०च्या दशकात अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या तंत्रावर डिजिटल नियंत्रणाचे मानक बेतले. वीज आणि हुकूम दोन्ही रुळांतूनच जाऊ लागले. इंजिनाच्या पोटातला डिकोडर आपला हुकूम ओळखतो आणि मोटार फिरवतो. कोलोरॅडोच्या साउंडट्रॅक्सने आणि जर्मनीच्या ईएसयूने त्याच डिकोडरमध्ये खऱ्या इंजिनांचे ध्वनिमुद्रण भरले.

स्पीकर मात्र बेताचाच. अनेकदा तो मोबाइल फोनमधला, ११ बाय १५ मिलिमीटरचा. तो उघडाच बसवला तर पुढच्या आणि मागच्या ध्वनिलहरी एकमेकींना मारतात आणि आवाज पत्र्यासारखा येतो. त्याला मागून हवाबंद डबी चिकटवायची, कडेला फट राहू द्यायची नाही. तेवढ्यानेच आवाज भरदार होतो.

आता कान लावून ऐकण्याची गोष्ट. वाफेच्या दोन सिलिंडरच्या इंजिनाचे चाक एकदा फिरले की चार वेळा ‘भक्’ व्हायला हवे, कारण प्रत्येक दट्ट्या जाताना आणि येताना दोन्हीकडून वाफ बाहेर टाकतो. आपल्याकडच्या डब्ल्यूपी इंजिनाचे मोठे चाक सुमारे १.७ मीटर व्यासाचे. ताशी ६० किलोमीटरला ते सेकंदाला तीनदा फिरते. म्हणजे बारा भकभकी! या वेगाला त्या एकमेकींत मिसळत जातात. छोटे इंजिन मापानुसार याच वेगाने धावताना सावकाश भकभकत असेल, तर सारे सोंग उघडे पडते.

त्याहून महत्त्वाचा आहे भार. गाडी निघताना वाफ सोडणारा रेग्युलेटर उघडला की आधी जोरकस फुत्कार येतो, मग डबे हलतात. उताराला रेग्युलेटर बंद केला की फुत्कार थांबतात आणि दांड्यांची खडखड तेवढी उरते. कर्जतहून लोणावळ्याला १:३७ चा चढ चढणारी गाडी आणि तोच घाट उतरणारी गाडी डोळे मिटूनही ओळखू येते. चांगल्या डिकोडरमध्ये हा फरक जुळवता येतो. ज्याने वेळ काढून तो जुळवला, त्याची गाडी हळू आवाजातही जिवंत वाटते.

आणि आवाज हळूच हवा. एचओ मापाचे प्रमाण १:८७. टेबलापासून मीटरभर अंतरावर उभा असलेला माणूस खऱ्या गाडीपासून ८७ मीटरवर उभा आहे. शिवाय आल्को या अमेरिकन कंपनीचे १६ सिलिंडरचे डिझेल इंजिन नुसते चालू उभे असताना मिनिटाला ४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला सुमारे ५३ स्फोट. इतका खर्ज त्या इवल्या स्पीकरला पेलत नाही. आवाज वाढवला की वरचे सूर कर्कश होतात, बाकी काही नाही. कमी ठेवला तर वरच्या सुरांवरून कान तो खर्ज आपल्या आपण भरून घेतो.

मराठी मुलांना या छंदाची ओळख बहुधा पुण्यात कोथरूडला होते, भाऊ जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात. तिथून घरी जाऊन स्वतःची गाडी मांडणाऱ्यांना अमेरिकन आल्कोचा आवाज विकत मिळेल. पण कल्याण आणि पुण्याच्या शेडमध्ये वाढलेल्या आपल्या आल्कोचा भोंगा त्यात कुठून येणार? इंग्लंडमध्ये पीटर हँडफर्ड यांनी १९५०च्या दशकात वाफेच्या गाड्यांचे आवाज नेटाने टिपून ठेवले. पुढे ‘आउट ऑफ आफ्रिका’ या चित्रपटाच्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळवणाऱ्यांत तेही होते. आपल्याकडे मात्र ब्रॉडगेजवरची वाफ १९९५मध्ये थांबली आणि आता विद्युतीकरणामुळे आल्कोही एकेक करून सेवेतून निघताहेत.

म्हणून रेल्वेने शेडमध्ये हौशी ध्वनिमुद्रकांना रीतसर परवानगी द्यावी. उभे इंजिन, मग थ्रॉटलचे आठही नॉच, मग भरलेली मालगाडी घेऊन निघतानाचा जोर. भोंगा, काँप्रेसर आणि ब्रेक वेगवेगळे. एवढे टिपायला शेडमधल्या जाणत्या कर्मचाऱ्यांची साथ आणि दोन चांगले मायक्रोफोन पुरेत.