चौदा डॉलर अठ्ठ्याण्णव सेंटचे बूट

परवा माळा आवरताना जुन्या सूटकेसमध्ये बुटांचा एक जोड सापडला. सोल पार उचकटलेला, पांढऱ्याचा पिवळा झालेला. बायको म्हणाली, "टाक आता तरी." मी नाही टाकला. त्यावरून थोडं वाजलं, ते असो.

२००७ साली मी जर्सी सिटीत ऑनसाईट होतो. नवीन नवीन ऑनसाईट गेलेल्या देशी माणसाला मॉलमध्ये दोनच गोष्टी दिसतात : 'सेल'ची पाटी आणि चाळीसने गुणलेला आकडा. स्टीव्ह अँड बॅरीज नावाच्या दुकानात 'स्टारबरी' छापाचे बास्केटबॉलचे बूट १४.९८ डॉलरला होते. म्हणजे सहाशे रुपये! शेजारच्या दुकानात तसलेच बूट शंभर-दीडशे डॉलरला. मी ताबडतोब दोन जोड उचलले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात घालून गेलो तर पलीकडच्या क्युबिकलमधला न्यूयॉर्ककर हसायलाच लागला. "त्या माणसाचे बूट घातलेस? तू निक्सची मॅच बघितली नाहीस वाटतं!"

मग त्यानेच एकदा मॅडिसन स्क्वेअर गार्डनला नेलं. बास्केटबॉलमधलं मला तेव्हा काही कळत नव्हतं (आताही फार कळतं असं नाही). पण घरच्या मैदानावर घरच्याच माणसाची हुर्यो कशी उडवतात ते पाहिलं. तो माणूस म्हणजे स्टेफन मार्बरी.

ब्रुकलिनच्या कोनी आयलंडमधल्या सरकारी वसाहतीत वाढलेला, सात भावंडांतला सहावा. थोरले भाऊही खेळायचे, पण एनबीएपर्यंत हाच पोचला. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये चौथा. मिनेसोटात केव्हिन गार्नेटबरोबर जोडी जमली होती, पण गार्नेटला मिळालेल्या १२ कोटी ६० लाख डॉलरच्या कराराची बरोबरी नव्या नियमांत शक्य नव्हती. हा रुसला, १९९९ मध्ये न्यू जर्सीला गेला. तिथून फिनिक्स, आणि २००४ मध्ये निक्स, म्हणजे थेट स्वतःच्या गावात. सामन्याला सरासरी १९ गुण आणि सातच्या वर असिस्ट, ही कुठल्याही हिशेबाने मोठ्या खेळाडूची कामगिरी आहे. पण गंमत अशी की तो सोडून गेला की संघ सुधारायचा. न्यू जर्सीने त्याच्या बदल्यात जेसन किड घेतला आणि लागोपाठ दोन वर्षं अंतिम फेरी गाठली. फिनिक्समध्ये त्याच्यानंतर स्टीव्ह नॅश आला आणि संघाने एका मोसमात ६२ सामने जिंकले. आपल्याकडे प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असा एक जण असतोच ना? कोड झकास लिहितो, पण त्याने राजीनामा दिला की बाकीची टीम हळूच पार्टी करते.

२००७ च्या डिसेंबरमध्ये त्याचे वडील गार्डनमध्ये त्याचा सामना बघत असताना त्यांच्या छातीत दुखू लागलं आणि त्यातच ते गेले. मुलाला कळलं ते सामना संपल्यावर. नंतर घोट्याचं ऑपरेशन, नवा प्रशिक्षक, आणि मग वर्षाला दोन कोटी डॉलर घेऊन घरी बसवून ठेवलेला खेळाडू. आपल्या भाषेत बेंच! २००८ मध्ये ते स्वस्त बुटांचं दुकानही दिवाळखोरीत गेलं. २००९ च्या उन्हाळ्यात त्याने स्वतःचं थेट प्रक्षेपण इंटरनेटवर लावून ठेवलं होतं. त्यात तो रडला, एकदा तर व्हॅसलीन खाल्लं. लोकांनी ते फॉरवर्ड करून करून हसून घेतलं. मलाही आला होता तो फॉरवर्ड, आणि मीही पुढे ढकलला होता.

जानेवारी २०१० मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, हा चीनला गेला. तेही शांघाय-बीजिंगला नाही, तर शान्शी प्रांतातल्या ताइयुआन शहरात. कोळशाचा मुलूख, संघाचा मालक पोलादाच्या धंद्यात पैसा केलेला. (याच संघाच्या आदल्या मोसमावर जिम यार्डलीचं 'ब्रेव्ह ड्रॅगन्स' नावाचं पुस्तक आहे, जरूर वाचा.) न्यूयॉर्कमध्ये याचा अर्थ एकच लावला गेला, संपला बिचारा.

पुढची गोष्ट गुगलवर सापडेल. २०११ मध्ये तो बीजिंग डक्सला आला, पहिले १३ सामने ओळीने जिंकले, आणि २०१२ मध्ये ग्वांगडाँगसारख्या बलाढ्य संघाला हरवून बीजिंगने पहिल्यांदाच चिनी लीग जिंकली. मग २०१४ आणि २०१५. स्टेडियमबाहेर पुतळा, शहराचं मानद नागरिकत्व, चीनचं ग्रीन कार्ड, त्याच्या आयुष्यावर नाटक, सिनेमा. लोक त्याला प्रेमाने 'राजकीय कमिसार' म्हणायचे! ज्याच्यावर संघ फोडल्याचा आरोप, त्याला तिकडे संघाला वळण लावणाऱ्याची पदवी.

ही गोष्ट नेहमी सांगतात ती अशी : अमेरिकेत वाया गेलेला माणूस चीनमध्ये जाऊन सुधारला. मला हे पटत नाही. कारण मधली दीड-दोन वर्षं सगळे खाऊन टाकतात. शान्शीत त्याने जेमतेम अर्धा मोसम काढला, पुढच्या वर्षी तिथे जमलं नाही. मग दक्षिणेत फोशान. तिथेही संघ काही चमकला नाही आणि यालाही ठेवलं नाही. म्हणजे चीनमध्येही दोनदा डाव फसला होता. शिवाय तो गेला होता तो काही अध्यात्मासाठी नव्हे, बूट विकायला! चीनच्या बाजारात 'स्टारबरी' चालवायचा हा त्या कराराच्या वेळी उघड बोललेला हेतू होता.

फरक मला दुसरीकडेच दिसतो. चिनी लीगमध्ये तेव्हा संघाला साधारण दोन परदेशी खेळाडू घेता यायचे, त्यांच्या मैदानावरच्या वेळेवरही मर्यादा. मोसम छोटा, ३२ साखळी सामने. त्यामुळे बहुतेक परदेशी चार-पाच महिन्यांसाठी यायचे, भरपूर गुण करायचे, चेक घ्यायचे आणि मार्चमध्ये विमानात. ज्याचं परतीचं तिकीट खिशात आहे तो चेंडू सोडत नाही, कारण पुढच्या करारासाठी त्याला स्वतःचे आकडे दाखवायचे असतात. शेजारी उभ्या असलेल्या चिनी पोराला शिकवून त्याला काय मिळणार? मार्बरीला मात्र न्यूयॉर्कमध्ये कोणी परत बोलावणारं उरलं नव्हतं. त्याला भाषा धड येत नव्हती, दुभाष्या बरोबर लागायचा, पण हा मेट्रोने फिरायचा, 'चायना डेली'त सदर लिहायचा, पुढच्या वर्षी पुन्हा यायचा. मला वाटतं तो बदलला तो या राहण्यामुळे.

आता माझं सांगतो. जर्सी सिटीत मी २२ महिने होतो. प्रेशर कुकर होता, एमटीआरची पाकिटं होती, सूटकेस पलंगाखाली अर्धी भरलेलीच असायची. वीकएंडला देशी मंडळींबरोबर एडिसनला जाऊन डोसा. त्या मॅच दाखवणाऱ्या माणसाच्या घरी त्याने दोनदा जेवायला बोलावलं, दोन्ही वेळा मी काहीतरी कारण सांगितलं. परत आल्यावर मात्र "अमेरिकेत होतो" हे वाक्य मी किती वर्षं वापरलं, विचारू नका.

आणि हे सगळं आत्ता आठवायचं कारण असं, की मला हनोईची एक ऑफर आहे. वय चव्वेचाळीस. इथे गेल्या रीऑर्गनंतर मला 'ॲडव्हायजरी रोल' दिलाय, म्हणजे मीटिंगला बोलवतात आणि मत विचारत नाहीत. तिकडे बारा पोरांची टीम उभी करायची आहे, पगार थोडा कमी, करार तीन वर्षांचा. आमचे बाबा म्हणाले, "लोक अमेरिकेला जातात, तू व्हिएतनामला चाललास?" एका जुन्या मित्राने तर सरळच विचारलं, "काय रे, इथे काही लफडं झालंय का?"

तुम्ही म्हणाल, मार्बरीचं ठीक आहे, त्याच्याकडे एनबीएचे कोट्यवधी डॉलर होते, तुझ्याकडे वाकडच्या फ्लॅटचा हप्ता आहे. मान्य. शंभर टक्के मान्य. आणि हेही मान्य की पुतळ्यामुळे नोकरी टिकत नाही. २०१७ मध्ये त्याला अजून खेळायचं होतं, बीजिंग डक्सला तो प्रशिक्षणाच्या कामात हवा होता, शेवटी त्यांनी सोडलंच. मग तो त्याच शहरातल्या दुसऱ्या, कमी नावाच्या संघाकडून एक मोसम खेळला आणि ११ फेब्रुवारी २०१८ ला, एकेचाळिसाव्या वाढदिवसाच्या नऊ दिवस आधी, थांबला. पुढच्याच वर्षी त्याच संघाचा प्रशिक्षक झाला. चिडून न्यूयॉर्कला निघून गेला नाही, हे मला त्या तीन अजिंक्यपदांइतकंच मोठं वाटतं.

आपल्याकडे 'वर' आणि 'खाली' जाण्याचा नकाशा फार पक्का आहे. अमेरिका वर, युरोप त्याच्या किंचित खाली, सिंगापूर चालतं, दुबई पैशासाठी. बाकी कुठे गेलात तर नक्की काहीतरी बिघडलंय. हा नकाशा माझ्याही डोक्यात आहे, नाहीतर ही ऑफर दोन आठवडे मी मित्रांपासून लपवली नसती. त्या नकाशात ताइयुआन कुठेच नाही.

सोमवारी उत्तर द्यायचंय. बायकोने काल रात्री तिथल्या शाळांची यादी काढली, म्हणजे तिचं जवळजवळ ठरलंय. लेकीने अजून तोंड उघडलेलं नाही. आईचा एकच प्रश्न आहे, तिकडे तुरीची डाळ मिळते का. मी म्हटलं बघतो.

बूट परत माळ्यावर ठेवलेत.