नवाचा ताळा आणि ध्रौव्य

पेढ्यांवर गणकयंत्रे येण्यापूर्वी मुनीम नवाचा ताळा घेऊन हिशेब पडताळीत असत. ३४७ मधील अंकांची बेरीज १४. पुन्हा बेरीज केली की ५. हेच अंक उलट लिहून ७४३ केले, तरी ताळा ५ च येतो. कारण सोपे आहे. १०, १००, १००० यांना ९ ने भागले असता बाकी नेहमी १ उरते. म्हणून अंकाने स्थान बदलले, तरी बाकीतील त्याचा वाटा बदलत नाही.

बदलात न बदलणारे काय, हा शोध विज्ञानाचाही प्राण आहे. निसर्गाचे नियम काळानुसार बदलत नाहीत, या एका गोष्टीतूनच ऊर्जेची अक्षय्यता निष्पन्न होते, असे जर्मन विदुषी एमी नोएथर यांनी १९१८ साली गणिताने दाखविले.

आपले आचार्य सत् चे लक्षण उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य असे त्रिविध सांगतात. समंतभद्राचार्यांनी आप्तमीमांसेत दिलेला दृष्टांत सराफी घरांना सहज उमगेल. सुवर्णघट मोडून मुकुट घडविला. घट हवा असणारा शोक करतो, मुकुट हवा असणारा हर्षित होतो. सुवर्णच हवे असणारा मात्र समभावात राहतो. हे पदार्थविज्ञान नव्हे. पण प्रश्न तोच आहे : पर्याय पालटले, द्रव्य कोणते टिकले?

येथे एक सावधगिरी हवी. जे टिकते, ते कोणत्या अपेक्षेने टिकते, हे पाहिलेच पाहिजे. ३४७ आणि ७४३ यांचा ताळा एक, परंतु रकमांत ३९६ चे अंतर! हे अंतर ९ ने निःशेष भागले जाते. म्हणूनच मेळात असा फरक आला, तर अंकांची अदलाबदल झाली असावी, असा संशय जाणकार प्रथम घेतात. पण केवळ ताळ्यावर विसंबणाऱ्यास ही चूक कधीच दिसणार नाही. ताळा चुकला तर हिशेब निश्चित चुकला. ताळा जुळला म्हणून हिशेब खरा ठरत नाही.

मग खोटी नोंद हेतुपुरस्सर, दोन्ही बाजूंस सारखीच केली असेल तर? मेळ बिनचूक बसेल. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया गणली आहे, ती याचसाठी. वहीचा ताळा वहीत सापडतो. सचोटीचा ताळा लिहिणाऱ्याने स्वतःच्या अंतःकरणातच घ्यावा लागतो. पिढ्या बदलतात, दुकाने बदलतात, धंदेही बदलतात. त्या सर्व बदलांत घराण्याचे ध्रौव्य कोणते, हे आपण मुलांना सांगू शकतो काय?