संथ म्हणजे सखोल नव्हे

संगीतकार माहलरच्या पाचव्या सिंफनीतला आडाजिएट्टो हा भाग जितका संथ वाजवावा तितका तो गहिरा होतो, अशी समजूत रसिकांमध्ये पक्की रुजली आहे. या समजुतीने एका सुंदर रचनेचं नुकसान केलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

वाद्यवृंदसंचालक विलेम मेंगलबर्गच्या 1926 सालच्या ध्वनिमुद्रणात हा भाग सुमारे 7 मिनिटांत संपतो. बर्नार्ड हाइटिंक या संचालकाच्या 1988 सालच्या बर्लिनमधल्या ध्वनिमुद्रणात त्याला जवळजवळ 14 मिनिटं लागतात. स्वरलिपी तीच, वेळ दुप्पट.

संथ लयीचे कैवारी म्हणतात, जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम 4-5 मिनिटं मावत, म्हणून मेंगलबर्गने घाई केली. पण खुद्द माहलर हा भाग मैफलीत 7 ते 9 मिनिटांत वाजवून घेत असे, अशा नोंदी आहेत. तिथे कुठली तबकडी आडवी आली होती? त्यांचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे: सुरुवातीलाच माहलरने ‘अतिशय संथ’ असं लिहिलं आहे. लिहिलं आहे, खरंच. पण पुढे ‘रेंगाळू नका’ हेही त्यानेच लिहिलं आहे, आणि ती सूचना सोयीस्करपणे विसरली जाते.

या रचनेला सुतकी कळा नंतर आली. जून 1968 मध्ये संचालक बर्नस्टाइनने ती रॉबर्ट केनेडींच्या अंत्यविधीत वाजवली, 1971 मध्ये व्हिस्कोन्तीच्या ‘डेथ इन व्हेनिस’ या चित्रपटाने तिला मरणाशी कायमचं जोडलं. मेंगलबर्गने मात्र आपल्या प्रतीवर लिहून ठेवलं होतं की, हे माहलरचं पत्नी आल्मावरच्या प्रेमाचं निवेदन आहे.

फार संथ लय या रचनेच्या घडणीलाही मानवत नाही. इथे वाद्यं फक्त तंतुवाद्यं आणि हार्प. ताल धरणारं वाद्य नाही. सुरुवातीला लयीचं भान हार्पच्या सुट्या स्वरांवरच टिकतं. हार्पची तार छेडली की तिचा नाद लगेच विरू लागतो. लय फार ओढली तर एक स्वर मावळून गेल्यावर दुसरा येतो आणि दोघांतलं नातंच तुटतं. व्हायोलिनवर ताणून धरलेला विसंवादी स्वर सुटेपर्यंत कानाला त्या ताणाचा विसर पडतो. मग हुरहुर उरत नाही, नुसती धून लांबत जाते. मला 8-9 मिनिटांची लय योग्य वाटते, कारण तिच्यात स्वरवाक्य एका श्वासात पुरं होतं.

आणि सर्वांत मोठा पुरावा पुढच्याच भागात आहे. आडाजिएट्टोच्या मधल्या भागातली धून रोंडो या सिंफनीच्या अंतिम भागात द्रुत लयीत, हसत-खेळत परत येते. आधी तिचा विलाप केलेला असेल, तर हा आनंद श्रोत्याला ओळखू कसा येणार?