मुलं मोठी झाली, आता शाळेचा कर कशाला?

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या पाडव्याला जेवताना टाउनशिपच्या शाळांच्या बजेटचा विषय निघाला. बँडचे शिक्षक कमी होणार, उशिराची बस बंद होणार. त्यावर एक काका म्हणाले, "आमची मुलं कॉलेजातून बाहेर पडली. आता आम्ही शाळेचा कर का भरायचा?" आजूबाजूच्या बऱ्याच माना डोलल्या. मला घास उतरेना.

मी मुंबईतल्या चारकोपची. जागतिक बँकेच्या योजनेत म्हाडानं आखलेले छोटे प्लॉट, मधे चौक, भोवती जमेल तशी वाढवलेली घरं. खाजगी शाळेची फी वडिलांना झेपणारी नव्हती. आम्ही भावंडं महापालिकेच्या शाळेत शिकलो. ती शाळा चालली नाक्यांवरच्या जकातीवर आणि अख्ख्या मुंबईच्या घरपट्टीवर. ते पैसे भरणाऱ्या कित्येकांची मुलं पालिकेच्या शाळेची पायरी कधी चढलीही नसतील. त्यांनी काकांसारखाच हिशेब मांडला असता, तर मी आज न्यू जर्सीत नसते. या मांडवात जेवणारे आणखीही बरेच जण नसते.

आज चारकोपच्या घराला मालमत्ता कर शून्य आहे. 1 जानेवारी 2022 पासून मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना पूर्ण माफी मिळाली. गरिबाला ती हवीच. पण मोजलं ते क्षेत्रफळ, किंमत नाही. वांद्र्यातला कोटीचा फ्लॅटही त्यात बसतो. मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण उपकर असायचा, तोही सुटला. जकात 2017 मध्येच गेली होती. तिथे राहणारा माझा भाऊ करात जे वाचवतो, त्याच्या कितीतरी पट मुलाच्या खाजगी शाळेत भरतो, आणि त्याला ही माफी वाटते.

इथे न्यू जर्सीत शाळेसाठीच्या करवाढीवर 2010 च्या कायद्यानं 2 टक्क्यांची मर्यादा घातली. पगार, आरोग्य विमा, बस यांचा खर्च त्या मर्यादेत राहत नाही. राज्याची मदत घटली की पहिली कुऱ्हाड संगीतावर, ग्रंथालयावर पडते. त्या कायद्याआधी, 2010 च्या एप्रिलमध्ये, राज्यातल्या निम्म्याहून अधिक शाळा-बजेटं मतदारांनी फेटाळली होती. आता बहुतेक ठिकाणी मर्यादेतल्या बजेटवर मतदानच होत नाही. आणि काका, तुम्ही हे गाव निवडलंत ते इथल्या शाळा पाहूनच ना? तुमच्या घराला आज जो भाव येतो, त्यातही याच शाळांचा वाटा आहे.

वडीलधाऱ्यांना असं सुनावणं मला शोभत नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागते. निवृत्तीनंतर वर्षाला दहा हजार डॉलरचं बिल जड जातं, हे खरं आहे. त्यासाठी राज्याची 'सीनियर फ्रीझ' योजना आहे. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या 65 व त्यावरील वयाच्यांना वाढलेला कर परत मिळतो. तो अर्ज भरायला मी कुणाच्याही घरी येईन. पण एप्रिलअखेर शाळा मंडळाची जाहीर सुनावणी आहे, तिथे बँडच्या शिक्षकांसाठी बोलायला माझ्याबरोबर चला. मागच्या वेळी त्या सभागृहात आपली मराठी माणसं फार थोडी होती.