आठवीपर्यंत थांबायचे कशाला?

नागपूर महापालिकेने २०२१ मध्ये ‘सुपर ७५’ योजना आणली. मनपा शाळांतील आठवीची हुशार मुले निवडायची आणि अभियांत्रिकी, वैद्यकीय, एनडीएच्या परीक्षांसाठी त्यांची तयारी करून घ्यायची, असा तिचा हेतू. गरिबाघरच्या मुलांसाठी हे चांगलेच झाले. पण त्याआधीच्या सात वर्षांचे काय? धडा एका वाचनात कळणारे मूल तिसरीत कंटाळते आणि जोडाक्षर न येणारे मूल तसेच पुढच्या वर्गात सरकते. दोघांचेही नुकसान एकाच वर्गात होते.

गुणांवरून तुकड्या पाडणे हा यावरचा जुना तोडगा. ‘अ’ला अनुभवी शिक्षक, ‘ड’ला उरलेले. एवढ्या लहान वयात ही वाटणी बुद्धीपेक्षा घरच्या परिस्थितीवरच होते, आणि शिक्का मात्र दहावीपर्यंत पुसत नाही.

दुसरी वाट महाराष्ट्रातच सापडली. मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने इयत्ता बाजूला ठेवली आणि मुलाला आज काय वाचता येते ते पाहून गट केले: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. हे गट रोज ठरावीक वेळापुरतेच. मूल पुढे गेले की गट बदलतो. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी ही पद्धत तपासली. हरियाणातील सरकारी शाळांत या कामाला स्वतंत्र तास दिला, त्यावर देखरेख ठेवली, तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. शिक्षकांच्या नुसत्या प्रशिक्षणाने भागत नाही.

मात्र गोष्ट वाचू लागलेल्या मुलापाशी ही शिडी संपता कामा नये. शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा तास निवडक मुलांपुरते असतात. अवघड गणिते, कोडी, अवांतर पुस्तके वरच्या गटाला रोजच्या तासातच मिळायला हवीत.

शिक्षक कुठून आणायचे, हा आक्षेप येईलच. पण जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळांत दोन-तीन इयत्ता आधीच एकत्र बसतात. तिथे पातळीनुसार गट करणे उलट सोपे. अडते ते शिक्षकांवर पडणाऱ्या मतदारयाद्या आणि माहितीच्या तक्त्यांच्या कामापाशी.

मनपा आणि जिल्हा परिषदेने तिसरी ते पाचवीसाठी भाषा-गणिताचा रोजचा एक तास राखून ठेवावा, त्या वेळी शिक्षकाला दुसरे काम सांगू नये आणि दर दोन महिन्यांनी गट नव्याने करावेत. मग आठवीत पंचाहत्तर जागाच अपुऱ्या पडतील. ती अडचण महापालिकेने आनंदाने ओढवून घ्यावी.