रस्त्यावर थांबणाऱ्याचा फायदा काय?

रस्ते अपघातातील गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात रुग्णालयात पोहोचवणाऱ्या व्यक्तीला पूर्वी पाच हजार रुपयांचे बक्षीस मिळत असे. केंद्र सरकारने २०२५ मध्ये ते पंचवीस हजार केले आणि योजनेला 'राहवीर' असे नाव दिले. आपल्या मध्य प्रदेशातही ती लागू झाली आहे. अशी बातमी वाचली की आपल्याकडे साधारण दोन सूर उमटतात. एक म्हणतो, "चांगले झाले, आता तरी लोक थांबतील." दुसरा म्हणतो, "माणुसकीसाठीही आता पैसे मोजायचे का?"

दोन्ही सुरांमागे एकच जुना प्रश्न आहे. माणसाने चांगले वागावे ते त्यात त्याचे हित आहे म्हणून, की हिताचा विचार न करता? एरवी हा प्रश्न व्याख्यानमालेत शोभला असता. पण देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली, म्हणजे तासाला सरासरी एकोणीस. २०२३ मध्ये हा आकडा १ लाख ७२ हजारांच्या पुढे गेला. आपल्यापैकी अनेकांची इंदूरहून धुळे, नाशिक, पुण्याकडे सतत ये-जा असते. मानपूरचा आणि गणेश घाटाचा उतार आपण सगळे जाणून आहोत. तेव्हा हा प्रश्न आपल्याही दाराशी आलेला आहे.

लोक का थांबत नाहीत?

'सेव्हलाइफ फाउंडेशन' या संस्थेने २०१३ मध्ये याविषयी देशातल्या काही शहरांत पाहणी केली होती. गंभीर जखमीला मदत करायला आपण बहुधा पुढे होणार नाही, असे सुमारे ७४ टक्के लोकांनी सांगितले. त्यांतल्या ८८ टक्क्यांनी कारण दिले ते पोलीस चौकशी, कोर्टाच्या खेपा आणि कायद्याचा ससेमिरा यांचे. जखमीविषयी कळवळा नाही, असे त्यांचे म्हणणे नव्हते. भीती होती ती स्वतः अडकण्याची.

म्हणजे आपल्या रस्त्यांवरचा स्वार्थ हा मुख्यतः लाभाचा स्वार्थ नव्हता, तो नुकसान टाळण्याचा स्वार्थ होता. हा फरक महत्त्वाचा आहे. लाभासाठी वाकडी वाट धरणाऱ्याला आपण स्वार्थी म्हणतो. पण ज्याची रोजची कमाई रोजच्या चुलीला लागते, तो रिक्षावाला साक्षीसाठी चार वेळा कोर्टात जायच्या भीतीने पुढे निघून गेला, तर त्याला त्याच शब्दात तोलणे न्यायाचे नाही. चांगुलपणाची जबर किंमत आपल्याच व्यवस्थेने ठेवली होती.

ती किंमत कमी करण्याचे काम गेल्या काही दशकांत टप्प्याटप्प्याने झाले. एका अपघातग्रस्त स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने दाखल करून न घेता वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठवले आणि तो वाटेतच गेला. त्या प्रकरणावरून परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले, की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य जीव वाचवण्याचे आहे, पोलिसी सोपस्कार नंतर. पुढे सेव्हलाइफच्या याचिकेवर मार्च २०१६ मध्ये मदतकर्त्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करताना काही चुकले, जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तरी मदतकर्त्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. २०२० च्या नियमांनुसार त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि साक्षीदार व्हायचे की नाही, हेही तोच ठरवतो.

न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक झाल्यानंतरही २०१८ मधल्या त्याच संस्थेच्या दुसऱ्या पाहणीत ८४ टक्के लोकांना हे संरक्षण ठाऊकच नव्हते. कायदा बदलला, पण लोकांच्या मनातला हिशेब जुनाच राहिला.

बक्षिसाने काय साधते?

आता राहवीरकडे येऊ. योजनेतली तरतूद बारकाईने पाहिली तर एक गंमत दिसते. कायदा म्हणतो, नाव न सांगता निघून जा, कोणी अडवणार नाही. योजना म्हणते, नाव सांगा, जिल्हा समिती प्रकरण तपासेल आणि मग रक्कम मिळेल. या दोन तरतुदी दोन वेगळ्या माणसांशी बोलतात. पहिली भ्यालेल्या माणसाशी, दुसरी हिशेबी माणसाशी.

पण रस्त्याच्या कडेला रक्तबंबाळ माणूस पडलेला असताना, समितीचा निर्णय, बँक खाते आणि पंचवीस हजार असा विचार करून कितीजण गाडी थांबवतील? माणूस थांबतो तो क्षणात, आणि बक्षीस येते ते महिन्यांनी. तेव्हा बक्षीस हे थांबण्याचे कारण होईल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. ते फार तर भरपाई होऊ शकते. बुडालेला दिवस, रक्ताने भिजलेली सीट, हुकलेले भाडे यांची भरपाई. त्या अर्थाने गरिबाला मिळणाऱ्या पैशांकडे नाक मुरडणे आपल्यासारख्या स्वतःच्या गाडीतून जाणाऱ्यांना शोभत नाही.

तरी पैशाने कर्तव्याचा अर्थ बदलतो, ही शंका खोटी नाही. इस्रायलमधल्या हैफा शहरातील पाळणाघरांचा एक प्रयोग अर्थशास्त्रात प्रसिद्ध आहे. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी तो २००० मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून दहापैकी सहा पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आधी पालकांना बाईंसमोर संकोच वाटत असे. आता त्यांना वाटू लागले, पैसे देतो आहोत, मग उशीर झाला तर बिघडले काय? पुढे दंड काढून टाकला तरी गेलेला संकोच परत आला नाही. संकोच, लाज, आपुलकी या गोष्टींना दर लावला की त्या बाजारात येतात, आणि बाजारातून घरी परत येणे त्यांना अवघड जाते.

भीतीही हिशेबात उलटी फिरू शकते, हे आपण जानेवारी २०२४ मध्ये पाहिले. धडक देऊन पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या न्याय संहितेत आली आणि ट्रकचालकांनी संप केला. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. चालकांचे म्हणणे होते, थांबलो तर जमाव मारतो आणि पळालो तर तुरुंग. ते पोटकलम अखेर स्थगित ठेवून बाकीची संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. शिक्षा हीसुद्धा स्वार्थालाच घातलेली साद असते. समोर त्याहून मोठी भीती उभी असेल, तर ती ऐकू जात नाही.

'उद्या माझ्यावर वेळ आली तर?'

मग स्वार्थाचाच आधार घ्यायचा असेल, तर शहाणा स्वार्थ का नको, असे कोणी विचारेल. आज मी थांबलो तर उद्या माझ्यासाठी कोणी थांबेल, हा युक्तिवाद आपण मुलांनाही सांगतो. तो गोड आहे, पण महामार्गावर टिकत नाही.

गल्लीत तो चालतो. शेजाऱ्याला रात्री दवाखान्यात नेले, तर तो ते लक्षात ठेवतो. दीडशे किलोमीटरवरच्या घाटात मी कोणासाठी थांबलो, हे मला वाचवायला येणाऱ्याला कसे कळणार? तो माझा पूर्वेतिहास विचारून थांबणार नाही. मी आयुष्यभर कधीच थांबलो नसलो, तरी त्याचे थांबणे माझ्या पदरात पडेल. म्हणजे शुद्ध हिशेबाने पाहिले तर सर्वांनी थांबावे आणि मी मात्र पुढे जावे, हेच माझ्या सर्वाधिक फायद्याचे ठरते. थांबण्याचा नियम समाजात असावा, एवढे स्वार्थ मला पटवू शकतो. तो नियम मी स्वतः पाळावा, हे तो पटवू शकत नाही. त्याची धाव इथे संपते.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त याच मुद्द्याची फोड केली आहे. आधिभौतिक सुखवादाच्या प्रकरणात ते हॉब्स आणि हेल्व्हेशियस यांचा 'दूरदर्शी स्वार्थ' तपासतात. दुसऱ्याचे दुःख पाहून आपल्याला कळवळा येतो तो उद्या आपल्यावरही ही वेळ येईल या भयाने, असे हॉब्सचे मत. टिळकांना ते अपुरे वाटते. क्रूर जनावरदेखील पिलांसाठी जिवावर उदार होते, तेव्हा परोपकाराची बुद्धीही स्वार्थाइतकीच स्वाभाविक आहे, असा त्यांचा रोख आहे. याज्ञवल्क्य आणि मैत्रेयीच्या संवादाकडेही ते याच संदर्भात वळतात. सगळे प्रिय वाटते ते आत्म्यासाठी, हे खरे मानले, तर प्रश्न उरतो तो आत्मा म्हणजे केवढा? देहापुरता, घरापुरता की त्याहून मोठा?

रस्त्यावर हा प्रश्न फार साध्या रूपात येतो. पुढे पडलेला माणूस 'आपला' आहे का? ओळखीच्या नंबरची गाडी दिसली, तर आपण हिशेब न करता ब्रेक लावतो. अनोळखी नंबर दिसला की हिशेब सुरू होतो. स्वार्थ आणि परमार्थ यांच्यातली रेघ पुष्कळदा एवढीच असते.

मग करायचे काय?

सरकारकडून अपेक्षा करायची ती चांगल्या वागण्याची शिक्षा संपवण्याची. ते काम कायद्याने बरेचसे केले आहे. मदतकर्त्याच्या हक्कांचा फलक प्रत्येक रुग्णालयाच्या दर्शनी भागात लावणे नियमानुसार आवश्यक आहे. आपण ज्या रुग्णालयात जातो तिथे तो दिसला नाही, तर विचारायला हवे. अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोख उपचारांची केंद्राची योजनाही मे २०२५ पासून आहे. "पैसे कोण भरणार?" या भीतीवर तिचे उत्तर आहे, पण ते ठाऊक असले तरच. बक्षीस चालू राहावे, मात्र ते भरपाई म्हणून. त्याच्या जोरावर माणुसकी वाढेल, अशी आशा कोणी धरू नये.

उरलेले काम घरात आणि मंडळात होण्यासारखे आहे. आपल्या पुढच्या कार्यक्रमांत तासाभराचे प्रथमोपचार प्रशिक्षण ठेवता येईल. पुष्कळजण केवळ काय करावे हे कळत नाही म्हणून दूर उभे राहतात. १०८ ही रुग्णवाहिका, ११२ ही आपत्कालीन सेवा आणि १०३३ ही राष्ट्रीय महामार्गाची मदतवाहिनी, हे तीन क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावेत. गाडीने गावाला निघण्याआधी पाण्याच्या बाटल्या आणि डबे भरताना एकदा घरात बोलून ठेवावे, की वाटेत कोणी पडलेले दिसले तर आपण गाडी सुरक्षित कडेला घेऊन थांबायचे. चालवणारा कोण, फोन कोण करणार, मुलांजवळ कोण बसणार, हेही ठरवून टाकावे. तसे ठरलेले असले, की ऐन वेळी हिशेब मांडत बसावे लागत नाही.