क्ष-किरण, भीती आणि आपला हक्क

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे कोपरीतल्या आमच्या चाळीत कुणी 'फोटो' काढून आले की रिपोर्ट माझ्यापुढे येतो. प्रश्न मात्र वेगळाच असतो : "पोरी, या मशीनने कॅन्सर होतो म्हणतात, खरं का गं?"

हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून सोडून देता येणार नाही. मे 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, दिल्लीच्या 'एम्स'चे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी एक सीटी स्कॅन म्हणजे छातीचे 300 ते 400 एक्स-रे, असे सांगितले. क्ष-किरणतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेने लगेच प्रतिवाद केला, की आधुनिक यंत्रावर हे प्रमाण पाच-दहा एक्स-रेंइतकेच असते. दोन्हीकडे जाणकारच! मग सामान्य माणसाने विश्वास कुणावर ठेवायचा?

वास्तविक, किरणांची मात्रा यंत्रावर आणि ते कसे वापरले यावर अवलंबून असते. छातीच्या साध्या एक्स-रेत ती एक दशांश मिलिसिव्हर्टच्या आतच असते. छातीच्या नेहमीच्या सीटीत साधारण सहा-सातपर्यंत जाते. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये तर हे किरण नसतातच. तेव्हा भीतीपोटी आवश्यक तपासणी टाळणे हे स्वतःचेच नुकसान आहे.

आता कायद्याकडे वळू. 1962 च्या अणुऊर्जा कायद्याखाली 2004 मध्ये किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे नियम झाले. त्यावर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ आपल्या मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. क्ष-किरण विभागातील कर्मचाऱ्याला वर्षाला सरासरी 20 आणि सर्वसामान्य जनतेला 1 मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे. रुग्णाला मात्र मर्यादा नाही. हे योग्यच, कारण गरजवंताची तपासणी आकड्यापायी अडवता येत नाही. पण मग त्याची सारी भिस्त डॉक्टरांच्या विवेकावर राहते. अशा वेळी त्याला निदान आपली मात्रा तरी कळू नये काय?

सप्टेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने छातीच्या सीटीचे दर यंत्रानुसार 2000 ते 3000 रुपये असे बांधून दिले. पैशांचा हिशेब झाला, किरणांचा राहिला. सीटीचे यंत्र हा आकडा स्वतःच पडद्यावर दाखवते. तो फक्त रिपोर्टवर उतरवायचा आहे. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात 206 रुग्णांना अठरा महिने ठरल्याच्या आठपट मात्रा जात होती, हे 2009 मध्ये उघडकीस आले. तेही एका रुग्णाचे केस गळाले म्हणून! त्यानंतर कॅलिफोर्नियात असा कायदा झाला, की 2012 पासून सीटीच्या रिपोर्टमध्ये मात्रा नोंदवलीच पाहिजे.

आकडा दिला तर लोक घाबरतील, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. चाळीतल्या निरक्षर आजीलाही आपली साखर किती आणि बी.पी. किती हे तोंडपाठ असते. हाही आकडा ती शिकेल.

तो कायदा आपल्याकडे होईल तेव्हा होवो. तोवर, मित्रमैत्रिणींनो, आपल्या माणसांबरोबर दवाखान्यात जाल तेव्हा नम्रपणे विचारा : ही तपासणी कशासाठी? मागची फिल्म चालेल का? घरातील स्त्री गरोदर असेल तर ते आधी सांगा. आपल्या आईवडिलांना डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांचा अपमान वाटतो. तो संकोच मोडण्याचे काम शिकलेल्या मुलांनीच करायचे आहे.